माझा दंड शाकाहारी नव्हता

"मुंह खोल."

मॅनेजरसाहेब म्हणाले आणि मी तोंड उघडलं. कारखान्याच्या फाटकात, सकाळच्या पाळीच्या रांगेत, अख्ख्या सिल्वासाच्या देखत. आता अख्खं सिल्वासा म्हणजे जरा जास्तच झालं. पण आमच्या पाळीची माणसं होती, सुटलेल्या पाळीची होती, टपरीवर चहा पिणारी होती, दोन म्हशी होत्या आणि वापीकडून आलेल्या ट्रकचा क्लीनर टपावर बसून बघत होता. मॅनेजरसाहेब माझ्या छातीला लागायचे. त्यांनी मला वाकायला लावलं. माझ्या उघड्या तोंडाशी नाक आणलं आणि डोळे मिटून वास घेतला, जसा देवळात उदबत्तीचा घेतात.

"हा कर. जोर से."

मी हा केलं.

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. "है," म्हणाले. "बास है."

माझ्या डब्यात डुबुकवडे होते. ज्यांना ठाऊक नाहीत त्यांना सांगतो. बेसन घट्ट कालवायचं आणि उकळत्या रश्शात त्याचे गोळे सोडायचे. ते डुबुक करून बुडतात, फुगून वर येतात. रस्सा मात्र आमच्या खान्देशातला, काळ्या मसाल्याचा. कांदा आणि सुकं खोबरं पार काळं होईस्तोवर भाजायचं. मटणाला घालतो तोच मसाला. तोच रंग, तोच तवंग, तोच वास. फक्त मटण नसतं. बाजाराच्या दिवशी बाप हात हलवत घरी आला की आमच्या आया हेच करतात. गरिबाची जीभ फार समजूतदार. तिला सांगितलं, हे मटण आहे, तर ती मानते.

आमच्या जिभेचं सोडा. फाटकावरच्या रामसजीवनच्या नाकानंही मानलं.

कारखान्याच्या फाटकावर पाटी होती: शुद्ध शाकाहारी परिसर. मांस, मच्छी, अंडं आत न्यायचं नाही. म्हणून रामसजीवन वॉचमन रोज प्रत्येकाचा डबा उघडून हुंगायचा. त्याचं नाक असं की खानवेलच्या जंगलात कुणी खेकडा भाजला तर हा इकडं फाटकात शिंकायचा. त्यानं माझा डबा उघडला आणि ओरडला, "साहब! मटन!"

साहेब आले. खिशातलं पेन काढलं आणि माझ्या रश्शात घालून ढवळलं. एक वडा वर आला.

"आ शुं छे?"

"बेसन आहे साहेब. चाखून बघा."

चाखून बघा म्हणालो, तिथं मेलो. 

"मैं चखूँ?" साहेब म्हणाले. "तेरा?"

'तेरा' हा एवढासा शब्द. पण त्यांनी तो असा काही म्हटला की मला त्यात माझं आडनाव ऐकू आलं.

डबा नालीत उपडा झाला. वडे पाण्यातून वाहत गेले, आणि तिथंही डुबुक करत, शहाणे. मग ते तोंड उघडणं झालं. मग नळावर चूळ भरायला लावलं. मग पुन्हा तोंड उघडायला लावलं, आणि आता वास गेला म्हणून आत सोडलं. सगळी रांग हसत होती. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसत होतं? मी. माझं हसणं असं की शेडचे पत्रे थरथरतात. ते हसणं ऐकून साहेबही हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल हाथी, काम पे लग."

घरी गेलो. सुमन, माझी बायको, पोटुशी होती. पहाटे उठून तिनं तो कांदा भाजला होता. रिकामा डबा बघून तिचा चेहरा उजळला.

"आवडनं का?"

"बोटं चाटली," मी म्हणालो.

पण कंपनीच्या खोल्यांतला नळ म्हणजे वर्तमानपत्रच. संध्याकाळी बायकांनी तिला सगळं सांगितलं. ती हंडा घेऊन आली, खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाली, "आनि तुम्ही हासनात?"

तुम्ही हसलात. मी हंडा उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला.  

आधी मी कोण ते सांगतो. साक्रीकडचा. आमच्या गावात वारं ज्या बाजूनं गावाबाहेर जातं, त्या बाजूला आमची वस्ती. म्हणजे गावाचा वास आमच्याकडं, आमचा वास गावाकडं नको. ऐंशीच्या दशकात इकडं कर माफ झाला आणि दादरा-नगर हवेलीत कारखाने अळंब्यांसारखे उगवले. रात्री माळ असायचा, सकाळी शेड असायची. आमच्याकडची पोरं गाड्या भरभरून आली. मीही आलो. सूत पिळून फुगवायचा कारखाना होता. नोकरी मागायला गेलो तेव्हा साहेबांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात बाहेर सुताची पेटी ट्रकवरून निसटली. ती मी खांद्यावर झेलली. लोक म्हणतात पेटी चार माणसांची होती. मी म्हणतो आठांची. साहेब दारात येऊन बघत राहिले.

"खाता क्या है रे तू?"

"घासपाला खातो साहेब. हत्तीसारखा."

साहेब खदखदून हसले. पेनाचं टोपण निघालं. त्या दिवसापासून मी हाथी. टोकरखाड्याला कंपनीची खोलीसुद्धा मिळाली, ह्या अटीवर की खोलीत मांसमच्छी शिजणार नाही. मी म्हणालो, साहेब, माझ्या घरात मांजरसुद्धा ताक पितं.

असा मी. थापा मारायचो आणि पोट भरायचो. शेडमध्ये बारा तास मशीनची घरघर, उकाडा, सुताचा भुगा नाकात, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या गप्पा. माझा सोबती सोन्या मात्र त्या ऐकायला आत नसायचा. सोन्या वारली, आता खानवेलकडं राहायचा. त्याच्या डब्यात दमणगंगेतली बारकी मासळी, खेकडे, रानातला पाला, नागलीची भाकर. तो डबा फाटकातून आत येणं शक्य नव्हतं, म्हणून तो कुंपणाबाहेर चिंचेखाली बसून जेवायचा. मी एकदा तारेच्या ह्या बाजूनं त्याला चिडवलं, "काय सोन्याशेठ, बाहेर हवा चांगली आहे का?"

तो म्हणाला, "हवा माझीच आहे ना. हे शेत माझ्या बापाचं होतं. आता मशीन आत, भाकर बाहेर."

हसत म्हणाला. 

आता मूळ दुखणं. सुमनचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी सहावा लागला आणि तिला जिना चढवेना. जिना म्हणजे तीन पायऱ्या. ओठ पांढरे, नखं पांढरी, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधार. तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं कोकणातल्या एक सिस्टर होत्या, बोलायला तिखट. त्यांनी सुमनची खालची पापणी ओढून बघितली आणि माझ्याकडं वळल्या.

"अरे, तू नवरा आहेस की नुसता खांब? हिच्या अंगात रक्त कुठाय?"

"खाते की सिस्टर."

"काय खाते?"

"कॅन्टीनमधून आणतो ती डाळ. भात. बटाटा."

कॅन्टीनची डाळ एवढी निर्मळ की ताटाच्या तळाशी ठोकलेलं कंपनीचं नाव त्यातून वाचता यायचं. हे मी सिस्टरना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"ऐक. गोळ्या देते त्या रोज घ्यायच्या. आणि खायला अंडं, कलेजी, सुकट, मासळी, जे जमेल ते. हे खाणारी माणसं ना तुम्ही? मग सोडलं कशाला? आणि नसेल खायचं तर नका खाऊ, पण मग डाळ घट्ट पाहिजे, कडधान्य पाहिजे, पालेभाजी, गूळ, शेंगदाणे, दूध. पोटभर. पोटभर म्हणजे काय ते कळतं ना? नाहीतर ह्या खेपेला बाळ तर जाईलच, बाईपण जाईल."

बाईपण जाईल. असं सहज म्हणाल्या त्या, बस जाईल म्हणतात तसं.

दूध परवडत नव्हतं. उधारीवर डाळीचं नाव काढलं की दुकानदार आमच्याकडं बघून तराजू बाजूला ठेवायचा. सोन्या रानातला पाला आणून द्यायचा, तो सुमन शिजवायची. आणि मी अंडी आणायला लागलो. कशी? आता ऐका. टिफिनच्या खालच्या पुडात भुसा, भुशात अंडी, वर जास्वंदीची फुलं. रस्त्यात कुणी विचारलं तर म्हणायचो, पूजेला. सुमन ती भाताच्या पातेल्यातच उकडायची, वर हिंगाची फोडणी ओतायची आणि दारात धूप लावायची. आमच्या खोलीतून असा काही सुवास यायचा की शेजारच्या काकू एकदा हात जोडून गेल्या.

टरफलांचं काय करायचं? कचऱ्यात टाकली तर मेलो. कंपनीचा माणूस कचऱ्याचे डबे बघायचा. सुमननं ती वाळवली, पाट्यावर वाटली, वस्त्रगाळ केली आणि रांगोळीत मिसळली. आमच्या दारातली रांगोळी इतकी शुभ्र, इतकी मऊ, की चाळीत नाव झालं. दिवाळीला मॅनेजरीणबाई खोल्यांमधून फिरल्या तेव्हा आमच्या दारात थांबल्या. "केटली सरस!" म्हणाल्या, आणि एक डबाभर रांगोळी मागून नेली, स्वतःच्या देवघरापुढं काढायला.

त्या रात्री आम्ही दोघं तोंडावर गोधडी दाबून हसलो. सुमनच्या ओठांवर थोडा रंग आला होता. मला वाटलं, जिंकलो.

मग दिवाळीनंतर तिसऱ्या खोलीतल्या माणसाच्या कचऱ्यात मासळीचे काटे सापडले. आजारी म्हातारीसाठी आणली होती. संध्याकाळपर्यंत त्याचं सामान रस्त्यावर. म्हातारी गादीच्या वळकटीवर बसून विचारत होती, "आपण कुठं चाललो रे?" सुमननं दारातून ते बघितलं आणि आत येऊन उरलेली अंडी माझ्या हातात दिली. "सोन्याभाऊले दी या," म्हणाली. सोन्याला देऊन या.

"आणि तू?"

"माले भूक नही."

तिला भूक होती. मला ती ऐकू यायची. पण तिला छप्परही पाहिजे होतं. रस्त्यावर बाळंत व्हायचं नव्हतं तिला. पुन्हा तीच डाळ, ज्यात कंपनीचं नाव दिसायचं. पुन्हा तेच पांढरे ओठ. आठवा महिना लागला. मी रोज कामावरून येताना वळणावर थांबायचो. खोलीतून रडण्याचा आवाज येत नाही ना, हे ऐकायचो आणि मग पुढं जायचो. 

अशात कंपनीत शिबिर लागलं. शाकाहार आणि आरोग्य. मुंबईहून मोठे डॉक्टर येणार होते. साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं आणि खुर्ची दिली. मला खुर्ची! मी अर्धाच बसलो.

"हाथी, तेरी बॉडी देख के डॉक्टरसाहब खुश हो जाएंगे. तू स्टेज पर आ. तेरे स्टाइल में बोल. मांस को हाथ नहीं लगाता, इसलिए ऐसा है. लोग तेरी सुनते हैं." मग आवाज खाली करून म्हणाले, "तुझे परमनंट कर देंगे. रूम भी पक्का."

परमनंट. खोली पक्की. सुमन, बाळ, छप्पर. मी म्हणालो, "साहेब, असा बोलेन की बोकडसुद्धा रडतील."

शिबिर अंगणात झालं, मांडव घालून. बायकांनाही बोलावलं होतं. डॉक्टर चांगले माणूस दिसत होते, गोरे, हसरे. शाकाहारानं ब्लडप्रेशर ताब्यात राहतं, हृदय चांगलं राहतं, साखर वाढत नाही, पोट साफ राहतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी ऐकत होतो. त्यातलं बरंच खरं असणार. आम्ही काही पाल्याचे वैरी नव्हतो. आमच्या आईनं आम्हाला अंबाडीवर, शेवग्याच्या पाल्यावर, बाजरीवर वाढवलं. आमच्या लोकांचा अर्धा जन्म पाल्यातच जातो. पण मग डॉक्टर सांगू लागले, दिवसभरात काय खावं. सकाळी भिजवलेले बदाम आणि दूध. मग फळं. दुपारी डाळ, दोन भाज्या, दही, वर चमचाभर तूप. संध्याकाळी मोड आलेली कडधान्यं. रात्री पनीर.

सोन्या माझ्या कानाशी पुटपुटला, "एवढं रोज देतील तर मी कोंबडीला बहीण मानीन."

मग मला वर बोलावलं. टाळ्या. शिट्ट्या. "हाथी! हाथी!"

"शर्ट उतार," साहेब म्हणाले.

मी उतरवला. डॉक्टरांनी माझा दंड धरला, दाबला, लोकांकडं वळवला. "देखिए. हाथी, घोडा, बैल. सब शाकाहारी. और सबसे ताकतवर." मग माझा जबडा धरला, वर केला, ओठ बाजूला ओढले. माझे दात मांडवाला दाखवत म्हणाले, "ये दांत मांस फाडने के लिए नहीं बने." बैलबाजारात माझ्या बापानं बैलाचे दात असेच बघितले होते. पण बाप आधी बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचा.

मी हसत होतो. दात बाहेरच होते, हसणं सोपं होतं.

माईक हातात आला. मी सुरुवात केली. कसा मी नुसता पालक खाल्ला आणि ट्रक ढकलला, कसा माझी ताकद बघून कसाई शेती करायला लागला. मांडव लोळत होता. कारखान्याचे मालक, शेठ, पहिल्या रांगेत पोट धरून हसत होते. साहेब अंगठा दाखवत होते. आणि बायकांच्या रांगेत सुमन माझ्याकडं बघत होती. ती हसत नव्हती. रडतही नव्हती. फाटकातल्या त्या दिवशी तिनं मला विचारलं होतं ना, तेच डोळे पुन्हा विचारत होते.

"इसकी घरवाली भी आई है?" डॉक्टर म्हणाले. "बुलाइए, बुलाइए. पूरा शाकाहारी परिवार."

सुमनला वर आणलं. ती पायरीवरच धापा टाकू लागली. डॉक्टरांनी तिची नखं बघितली, पापणी ओढली आणि त्यांचं हसू मावळलं. ते साहेबांच्या कानाशी काही बोलले. साहेबांनी ते मांडवाला सांगितलं, माईकमधून. "देखो, ये होता है. ये लोग खाना बनाना नहीं जानते. सब्जी धो-धो के उसका सत्त्व निकाल देते हैं. अनपढ़ है न." मग साहेबांना शंका आली असावी. ते सुमनच्या अगदी जवळ गेले. नाक पुढं केलं.

"तू बाहर का कुछ खाती है? मुंह खोल."

सुमननं ओठ घट्ट मिटले.

त्या मिटलेल्या ओठांपाशी मी जागा झालो. दुसरा शब्द माझ्याकडं नाही. इतकी वर्षं मी जे तोंड सांगेल त्याला उघडून दाखवत होतो, ते तिनं उघडलं नाही. अंगात रक्त नसलेल्या बाईनं.

मी मध्ये उभा राहिलो. माईक माझ्याच हातात होता.

"साहेब, मी शाकाहारी नाही," मी म्हणालो. "हा दंड बोंबलाचा आहे. सुकटीचा आहे. खेकड्याचा आहे, आईनं वाटणी करून दिलेल्या मटणाचा आहे. अंबाडीचा आहे, बाजरीचा आहे. ज्या दिवशी जे मिळालं त्याचा आहे. तुमच्या डाळीचा नाही. तुमच्या डाळीनं काय होतं ते हिच्या पापणीत बघा. आणि हिच्या तोंडाशी नाक नेऊ नका."

 आणि मग मांडव फुटला. हसून! माझ्या आयुष्यातल्या कुठल्याच थापेला एवढं हसू मिळालं नव्हतं. साहेबही हसू लागले. "हाथी मजाक करता है!"

"मी थाप मारत नाहीये," मी ओरडलो.

आणखी हसू. लोक एकमेकांच्या मांडीवर हात मारत होते. मी जन्मात पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि ते कुणीही विकत घेत नव्हतं. घाम फुटला मला. उघड्या अंगावरून ओघळला. त्याक्षणी मी जमीन खणून आत गेलो असतो.

सुमननं माझ्या हातातून माईक घेतला. तिला तो नीट धरताही येत नव्हता.

"अंडी मी शिजवत होते," ती म्हणाली. शाळेतल्या मराठीत, सावकाश. "माझं बाळ जाऊ नये म्हणून. टरफलं मी रांगोळीत घातली. चाळीत सगळ्यांनी बघितली ती रांगोळी. बाईंनी देवघरापुढं काढायला नेली."

मॅनेजरीणबाईंचा हात तोंडावर गेला. हसू एका माणसाचं थांबलं, मग दुसऱ्याचं, मग सगळ्यांचं. डॉक्टर खाली बघत होते.  

संध्याकाळी आमचं सामान रस्त्यावर होतं. सोन्या बैलगाडी घेऊन आला. खानवेलकडं त्याच्या घरी नेलं आम्हाला. त्याच्या आईनं लगेच बाज टाकून दिली.

दोन दिवसांनी साहेबांची जीप तिथं आली. का आली ते आधी सोन्यानं सांगितलंच होतं. रांगेतल्या काही लोकांनी रामसजीवनला डबा उघडून द्यायला नकार दिला होता. चारच माणसं. पण चार आज असतात, उद्या रांग असते.

साहेब जीपमधून उतरले नाहीत. काच खाली केली.

"देख हाथी. सबको पता है तू गप्पी है. कल कॅन्टीन में आ के बोल दे कि मजाक था. औरत की तबीयत ठीक नहीं, कुछ भी बोल गई. बस. रूम वापस, परमनंट वापस. मैं डिलिव्हरी के लिए अच्छा डॉक्टर भी देखूंगा."

मी बाजेकडं बघितलं. सुमनचे पाय सुजून हंड्यासारखे झाले होते. सिस्टर म्हणाल्या होत्या ते कानात होतं. खोटं बोलणं माझ्या हातचा मळ. एक थाप, आणि छप्पर. एक थाप, आणि डॉक्टर. खरं सांगतो, माझं तोंड उघडलं होतं. 'येतो साहेब' हे शब्द जिभेच्या टोकावर आले होते.

"माफी मांगाले जाशात ते एकलाच जा," सुमन बाजेवरून म्हणाली. माफी मागायला जाणार असाल तर एकट्यानं जा. डोळे उघडले नाहीत तिनं.

मी जीपपाशी गेलो. "साहेब," मी म्हणालो, "माझी पेटी आठांची नव्हती, चारांचीच होती. पालक खाऊन ट्रक ढकलला नाही, मांजर ताक पीत नव्हतं. माझं सगळं खोटं तुम्ही ठेवून घ्या, कॅन्टीनमध्ये वाजवून सांगा. मांडवात बोललो ते मात्र खरं आहे. ते मिळणार नाही."

"बच्चा मर जाएगा तो?"

"तर तुमच्या फाटकात आणून ठेवेन. आणि तिथंच बसेन."

काच वर गेली.

हे मी जिथं जिथं सांगतो तिथं लोक विचारतात: मग बाळाचं काय झालं? सुमन वाचली का? ते मी सांगत नाही. बाळ वाचलं म्हणालो तर तुम्ही सुटकेचा श्वास सोडून घरी जेवायला जाल. गेलं म्हणालो तर म्हणाल, एवढा ताठा कशाला, घ्यायचा होता शब्द मागं. म्हणजे आम्ही बोललो ते बरोबर की चूक, हेही पुन्हा तुम्हीच ठरवणार. आमचं मरण-जगणं तराजूत टाकून.

त्यानंतर मी गलोंड्याच्या कारखान्यांत काम मागायला गेलो, आणखीही कुठं कुठं गेलो. प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, गोड आवाजात: खाता क्या है? मी उत्तर देत नाही. पालाही सांगत नाही, मासळीही सांगत नाही. काम गेलं, अनेकदा गेलं. खोल्या गेल्या. शाकाहार चांगला असेल. ज्याला करायचा त्यानं पोटभर करावा, आणि पोटभर करता येईल इतकं दुसऱ्यालाही मिळू द्यावं. पण माझ्या घरच्या पातेल्यात काय आहे हे विचारायचा हक्क मी कुणालाही देणार नाही, शेठला नाही, डॉक्टरला नाही, देवाला नाही. पुन्हा कुणी माझं सामान रस्त्यावर काढलं तर मी गाडी बोलावणार नाही. त्याच्या दारासमोर तीन दगड मांडीन, चूल पेटवीन. काय शिजवतो ते सांगणार नाही. आणि उठणार नाही.